पत्ते वाटणाऱ्या हाताला काय द्यावं?

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

परवा माझ्या भाच्याचा फोन आला. मित्रांबरोबर तो परदेशी फिरायला निघालाय आणि एक संध्याकाळ कॅसिनोत घालवायचं त्यांचं ठरलंय. खेळाबद्दल त्याने काही विचारलं नाही. विचारलं ते असं : "मावशी, तिथे टिप द्यावी लागते का गं? आणि किती? कमी दिली तर कानकोंडं वाटेल, जास्त दिली तर लुबाडल्यासारखं." पाऊण तास बोललो, तरी सांगायचं बरंच राहिलं. हा प्रश्न फक्त त्याचा नाही, म्हणून हे पत्र.

मी बारा वर्षं प्रवासी जहाजांवरच्या कॅसिनोत डीलर, म्हणजे टेबलावर खेळ चालवणारी, होते. आधी ब्लॅकजॅक हा पत्त्यांचा खेळ, नंतर बहुतेक रूलेट, म्हणजे आकड्यांच्या फिरत्या चाकावर गोळी सोडायचा खेळ. बंदर मागे पडून जहाज खुल्या समुद्रात गेलं की आमची टेबलं उघडायची आणि पहाटेपर्यंत चालायची. टिप मी घेतलेली आहे, न मिळालेली पाहिली आहे, आणि तोंडावर फेकलेलीही उचलली आहे.

जुगाराची भलामण मला करायची नाही, हे आधीच सांगते. टेबलावरून माणसं कशा चेहऱ्याने उठतात ते मी जितकं जवळून पाहिलंय तितकं फार थोड्यांनी पाहिलं असेल. कुणी विचारलं तर मी "जाऊ नका" असंच सांगते. पण जो जाणारच आहे, त्याच्यासमोर टेबलापलीकडे एक माणूस उभा असतो, आणि त्या माणसाशी कसं वागायचं हे जाणाऱ्याला ठाऊक असायला हवं.

आपल्याकडे हातगुण म्हणतात ना, तोच शब्द इथे सगळा घोटाळा करतो. खेळणारा जिंकला की त्याला वाटतं, या बाईच्या हाताला यश आहे. मग तो चिपांची, म्हणजे पैशांऐवजी खेळायच्या चकत्यांची, चळत पुढे सरकवतो. हरला की तेच हात अपशकुनी. "डीलर बदला" असं ओरडणारे मी शेकड्यांनी पाहिले. एकाने तर माझ्या अंगठीकडे बोट दाखवून ती काढायला लावा, असं पिट बॉसला, म्हणजे टेबलांवर देखरेख करणाऱ्याला, सांगितलं होतं. पत्ता कुठला निघावा, गोळी कुठल्या खाचेत पडावी, यावर डीलरचा काडीचाही ताबा नसतो. आणि ज्याचा असेल तो डीलर नव्हे, चोर. टिप देणाऱ्याला झाकलेला पत्ता ओझरता दाखवणारे हात असतात, नाही असं नाही, पण ते पकडले गेले की नोकरीबरोबर अब्रूही जाते, आणि पाहणारा खेळाडूही अडकू शकतो. तेव्हा टिप हातगुणाची द्यायचीच नाही. हातांनी जे काम केलं त्याची द्यायची.

ते काम काय असतं हे टेबलासमोर बसून सहसा लक्षात येत नाही. रूलेटचं एक उदाहरण देते. समजा गोळी 17 वर थांबली. त्या आकड्यावर एकाच माणसाच्या दोन चिपा सरळ, तीन चिपा शेजारच्या आकड्यांमधल्या रेषांवर आणि चार चिपा, चार आकडे मिळतात त्या कोपऱ्यांवर आहेत. सरळला 35 पट, रेषेला 17 पट, कोपऱ्याला 8 पट. म्हणजे 70, 51 आणि 32, एकूण 153. हे मनात करायचं, कागद नाही, यंत्र नाही. तेवढ्यात बाकीच्या खेळाडूंच्या हरलेल्या चिपा ओढून घ्यायच्या, रंग वेगळे करायचे, जिंकलेल्यांना एकेक करून मोजून द्यायचं, आणि प्रत्येक चळत कॅमेऱ्याला दिसेल अशी पसरून मग उचलायची. तासभर हे केलं की वीसेक मिनिटं विश्रांती, की पुन्हा दुसरं टेबल. समुद्र खवळलेला असला तर पायाखाली जमीन हलत असते ती वेगळीच. चूक झाली तर ती वरच्या कॅमेऱ्यात असते आणि तुमच्या नावावर जमा होते.

आमच्या गणवेशाचे खिसे शिवून टाकलेले असायचे. काही ठिकाणी ते ऍप्रनखाली झाकतात. टेबल सोडताना दोन्ही तळहात एकमेकांवर घासायचे आणि उलटसुलट करून वर दाखवायचे, हातात काही लपलेलं नाही याची खूण म्हणून. नोकरी सोडून इतकी वर्षं झाली, तरी काम संपवून उठताना माझे तळवे अजून आपोआप उलटे होतात. घरच्यांना त्याचं आता काही वाटत नाही.

टिप कशी देतात, तेही या खिशांवरूनच कळेल. डीलरला तुमच्या हातातून काही घेता येत नाही. हात पुढे केलात तर ती घेणार नाही, आणि तुम्हाला वाटेल अपमान झाला. चिप कापडावर ठेवायची आणि "डीलरसाठी" एवढं म्हणायचं. न बोलता ठेवलीत तर ती पैज आहे की बक्षीस, हे तिला कळत नाही आणि विचारण्यात वेळ जातो. मग डीलर ती चिप टिपच्या पेटीच्या कडेवर ठक ठक अशी वाजवते आणि आत टाकते. तो आवाज आभाराचा नसतो. मागे उभ्या असलेल्या माणसाला आणि कॅमेऱ्याला कळावं, की ही चिप हाऊसची, म्हणजे कॅसिनोची, नाही, कामगारांची आहे, यासाठी तो असतो.

त्या पेटीतलं पुढे कुठे जातं, हा प्रश्न टिप देणारे क्वचितच विचारतात, आणि माझ्या दृष्टीने तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. बहुतेक कॅसिनोंत टेबलांची टिप एकत्र जमते आणि कामाच्या तासांप्रमाणे सगळ्या डीलरांत वाटली जाते. म्हणजे तुम्ही मला चळत दिलीत म्हणून मी श्रीमंत होत नाही, आणि माझ्या शेजारच्या टेबलावर दिवसभर एक चिपही पडली नाही म्हणून ती उपाशी राहत नाही. पोकरच्या खोलीत बऱ्याच ठिकाणी उलट असतं, तिथे ज्याची टिप त्याची. एकत्र वाटणीची पद्धत मला न्याय्य वाटते. त्यामुळे कुणी डीलर मोठ्या खेळाडूच्या मागे लागत नाही, लहान खेळाडूलाही तीच वागणूक मिळते.

पण ही पद्धत न्याय्य राहते ती हिशेब उघडा असेल तोपर्यंतच. मी ज्या एका जहाजावर तीन वर्षं होते, तिथे आठवड्याला वाटप व्हायचं, पण मोजणी आमच्यासमोर कधी झाली नाही. देखरेख करणारेही त्यातून वाटा घेतात, हे आम्हाला फार उशिरा कळलं. मनगट दुखावून मी नऊ दिवस केबिनमध्ये पडून होते, तेव्हाचा माझा वाटा शून्य. पगार इतका थोडा होता, की घरी पाठवायचे पैसे म्हणजे टिपच. मी तक्रार केली. उत्तर आलं : "करारात लिहिलंय." करारात खरंच लिहिलेलं होतं. मी सही केली होती. आजही त्याचा राग येतो.

हा वाद जमिनीवरही झालेला आहे, आणि मोठा झाला आहे. लास वेगासमधल्या विन कॅसिनोने 2006 मध्ये डीलरांच्या टिपमधला वाटा त्यांच्या वरच्या देखरेख करणाऱ्यांनाही द्यायला सुरुवात केली. डीलर लढले. प्रकरण वर्षानुवर्षं चाललं, आणि 2013 मध्ये नेवाडाच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की राज्याचा कायदा अशी वाटणी रोखत नाही. पुढे 2018 मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय कायद्यातच दुरुस्ती झाली, की व्यवस्थापक आणि पर्यवेक्षकांनी कामगारांच्या टिपमधून वाटा घेऊ नये. ब्रिटनमध्ये तर ऑक्टोबर 2024 पासून मालकाने टिप पूर्णपणे कामगारांना, काहीही न कापता, दिली पाहिजे असा कायदा लागू आहे. हे वाचलं तेव्हा मला माझी नऊ दिवसांची केबिन आठवली.

त्याच ब्रिटनमध्ये अनेक दशकं जुगाराच्या टेबलावरच्या कामगारांना टिप घ्यायलाच बंदी होती. 2005 चा नवा जुगार कायदा लागू झाल्यावर ती उठली. ऑस्ट्रेलियातल्या कॅसिनोंत टेबलावरच्या डीलरला आजही टिप घेता येत नाही. तिथे चिप पुढे केलीत तर ती शांतपणे परत करतात. कुणी रागावून घेऊ नये, पुन्हा पुन्हा आग्रहही करू नये. तुमच्या प्रेमाने त्यांची नोकरी जाऊ शकते. फ्रेंच पद्धतीच्या टेबलांवर याच्या अगदी उलट. तिथे सरळ आकडा लागला की एक चिप "कर्मचाऱ्यांसाठी" म्हणून मागे ठेवायचा जुना रिवाज आहे. म्हणून भाच्याला मी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की आत शिरल्यावर स्वागताच्या टेबलावर विचार : "इथे डीलरला टिप चालते का? आणि ती कुणाला मिळते?" यात लाजण्यासारखं काही नाही.

अमेरिकेत एके काळी न्यायालयासमोर असाही प्रश्न होता, की डीलरला मिळालेली चिप ही कमाई की भेट? डीलरांचं म्हणणं होतं, आम्ही कुणाला खास वागणूक देत नाही, शंभरातले पाच-दहा लोकच देतात, तेव्हा ही भेटच आहे आणि तिच्यावर कर नको. खालच्या न्यायालयाने ते मान्य केलं. 1976 मध्ये वरच्या न्यायालयाने फिरवलं. त्यांचं म्हणणं साधारण असं, की खेळाडू हे प्रेमापोटी देत नाही, नशिबाच्या देवाला नैवेद्य दाखवावा आणि तो भरभरून परत यावा या आशेने देतो, म्हणून ही डीलरची मिळकत. कराचा भाग बाजूला ठेवू (आता तिथे 2025 ते 2028 या वर्षांसाठी टिपच्या 25,000 डॉलरपर्यंतच्या रकमेला केंद्रीय प्राप्तिकरात वजावट दिली आहे). पण खेळाडूच्या मनाबद्दल न्यायाधीशांनी जे ओळखलं ते मी बारा वर्षं डोळ्यांनी पाहिलं. चिप ठेवताना लोक माझ्याकडे बघत नसत, चाकाकडे बघत असत.

आता किती द्यायचं.

जिंकलेल्या रकमेचा अमुक टक्के द्यावा, असं बरेच जण सांगतात. मला ते पटत नाही. जिंकणं हे डीलरचं काम नाही, मग त्यावर टक्केवारी कशाची? शिवाय ज्याला एकदा मोठी रक्कम लागली, तो अर्ध्या तासात ती परत घालवतो. टक्का मोजायचा कुठल्या क्षणी?

आणि टिपची खेळाडूला पडणारी किंमत लोकांना वाटते त्यापेक्षा खूप मोठी असते, हेही मी लपवणार नाही. एका शून्याच्या रूलेटवर हाऊसचा वाटा 2.70 टक्के. सदतीस खाचा, आणि लागलेल्या आकड्याला 35 पट. आता प्रत्येक सरळ आकड्यामागे एक चिप तुम्ही टिप म्हणून सोडलीत, तर हाऊसची एक आणि तुमची एक, म्हणजे सदतीसमध्ये दोन गेल्या. खेळ दुप्पट महाग झाला, 5.41 टक्के. ब्लॅकजॅकमध्ये तर फरक आणखी ठळक दिसतो. नियम बरे असतील आणि खेळाडू प्रत्येक पानाला योग्य चाल खेळत असेल, तर हाऊसचा वाटा जेमतेम अर्धा टक्का. तासाला साठ डाव, दर डावाला एक चिप, म्हणजे सरासरी तोटा तासाला एका चिपेच्या तिसऱ्या हिश्शाहूनही कमी. त्या तासात एक चिप टिप दिली, तर हाऊसपेक्षा तिप्पट पैसे तुम्ही डीलरांना दिलेत. अर्थात इतकं अचूक खेळणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. साधारण माणसाच्या चुकांनीच तासाला एखादी चिप जास्त जाते.

हा हिशेब मी टिप देऊ नये म्हणून सांगत नाही. माझं पोट त्याच्यावर चाललं आहे. सांगते एवढ्यासाठी, की टिप ही खेळाच्या खर्चातच धरून निघायची गोष्ट आहे. खेळायला बसण्याआधी जितकी रक्कम गमवायची तयारी आहे, तिच्यातून टिपचा भाग आधीच बाजूला काढा. मग हरलात तरी तो शिल्लक असतो, आणि जिंकल्याच्या धुंदीत चळतही उधळली जात नाही.

माझं माप तासाचं आहे. तुम्ही ज्या आकाराची पैज लावता, तशी एक चिप दर तासाला. तुमची पैज मोठी असेल तर अर्ध्या पैजेइतकी पुरे. हरत असलात तर त्याहून कमी, पण अगदीच काही नाही असं शक्यतो करू नका, कारण हरणाऱ्यासाठीही तिने तेवढेच पत्ते वाटले. दहा मिनिटं बसून उठलात तर काही द्यायची गरज नाही. यंत्रावरच्या रूलेटला डीलरच नसतो, तिथे प्रश्नच येत नाही. पोकरमध्ये डाव जिंकल्यावर गल्ल्यातून, म्हणजे त्या डावात जमलेल्या चिपांतून, सगळ्यात लहान चिप, लहानसहान गल्ल्यावर तीही नाही. पेय आणून देणारीला दर फेरीला एक लहान नोट किंवा चिप. यंत्रावर मोठी रक्कम लागली आणि माणूस ती हातात मोजून द्यायला आला, तर त्याच्या तेवढ्या वेळापुरतं द्यावं, त्या रकमेकडे बघून नव्हे.

काही जण चिप सरळ देण्याऐवजी डीलरच्या नावाने पैज लावतात. आपल्या पैजेच्या पुढे ठेवायची, जिंकली तर दुप्पट तिची. आम्हाला हे आवडायचं, खोटं का बोलू. पूर्ण टेबल एकदम आपल्या बाजूचं झाल्यासारखं वाटतं. पण हरली तर ती चिप हाऊसच्या तबकात जाते, आणि आम्हाला हसून "धन्यवाद" म्हणावं लागतं. त्यातल्या त्यात साध्या पैजेवर लावा. फाशांच्या टेबलावर ज्या "हार्डवे" (दोन्ही फाशांवर सारखाच आकडा पडेल अशा) पैजा असतात, त्यांवर हाऊसचा वाटा 9 ते 11 टक्के असतो. तिथे डीलरसाठी लावलेली चिप बऱ्याचदा डीलरपर्यंत पोचतच नाही.

आणि कुणी डीलर टिप मागत असेल, सूचक बोलत असेल, चिप मोडून देताना मुद्दाम सुटे करून "राहू द्यायचे का?" म्हणत असेल, तर देऊ नका. मागायला बहुतेक सगळीकडे मनाई असते. अशा दबावाखाली दिलेल्या पैशाने आमच्यातल्या नेकीने काम करणाऱ्यांचंच नाव खराब होतं.

फेकलेली चिप उचलल्याचं मी वर म्हटलं. त्या माणसाला एका रात्रीत भरपूर लागलं होतं. उठताना त्याने एक मोठी चिप माझ्या दिशेने भिरकावली. ती तबकाला आपटून खाली पडली, गडगडत गेली. डीलरला टेबल सोडून वाकता येत नाही, समोरच्या चिपांवरची नजर हलवता येत नाही. मी तशीच उभी राहिले. पिटमधल्या माणसाने खेळ थांबवला, कॅमेऱ्याला खूण केली, मग मी वाकले. तो हसत होता. ती चिप त्या आठवड्यातली आमची सगळ्यात मोठी टिप होती, आणि ती उचलताना माझे कान तापले होते ते अजून आठवतं.

त्याच प्रवासात एक वृद्ध गृहस्थ रोज रात्री तासभर माझ्या टेबलावर बसायचे. लहान पैजा, सावकाश खेळ, बहुधा हरायचे. शेवटच्या रात्री त्यांच्याकडे दोन चिपा उरल्या होत्या. एक लावली, ती गेली. दुसरी त्यांनी कापडावर ठेवली, दोन बोटांनी माझ्याकडे सरकवली, आणि पहिल्यांदा माझ्या नावाची पट्टी वाचून नावाने म्हणाले, "तुमच्यासाठी." मी ती पेटीच्या कडेवर वाजवली. रकमेने ती काहीच नव्हती, तेवीस जणांत वाटली गेली.

भाच्याने फोन ठेवताना विचारलं, "मावशी, आणि सगळंच हरलो तर?" मी म्हटलं, म्हणूनच सांगते, आत गेल्यागेल्या एक चिप वेगळ्या खिशात टाक. ती खेळायची नाही. उठताना तिच्यासमोर कापडावर ठेव, तिच्याकडे बघून "डीलरसाठी" म्हण, आणि पेटीवरचा आवाज होईपर्यंत थांब.

आपली विश्वासू,
एक वाचक
(जहाजावरील माजी डीलर. कृपया नाव छापू नये.)